एरिकसनचे आठ टप्पे आणि आमचा पूर्वभाग

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात पूर्वभागातल्या एका शाळेत सहावी-सातवीला शिकवते. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त उरलेल्या, नोकरीत असलेल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास होणं भाग पडलं. म्हणून सत्तेचाळिसाव्या वर्षी मी परत बालमानसशास्त्र पाठ करतेय. दीडशेपैकी तीस गुण त्याचे, सोडून चालत नाही.

गाईडमध्ये मानसशास्त्रज्ञ एरिक एरिकसनचा, माणसाच्या आयुष्यातल्या आठ टप्प्यांचा तक्ता आहे. जन्मापासून वर्षभर विश्वास की अविश्वास. तिसऱ्या वर्षापर्यंत स्वायत्तता की लाज आणि शंका, सहापर्यंत पुढाकार की अपराधीपणा, बारापर्यंत उद्यमशीलता की न्यूनगंड, अठरापर्यंत ओळख की भूमिकांचा गोंधळ. मग चाळिशीपर्यंत जवळीक की एकाकीपणा, पासष्टपर्यंत पुढच्या पिढीसाठी काही घडवणं की साचून जाणं, आणि शेवटी समाधान की वैफल्य. सातव्या ओळीत मी स्वतः बसले आहे.

पाठ करायला काही हरकत नाही. पण सकाळी हा तक्ता घोकायचा आणि अकरा वाजता वर्गात उभं राहायचं, हे जमेना. माझ्या वर्गात एक मुलगी आहे, बाराची. आई विड्या वळते. रात्री तेंदूची पानं भिजत घालणं आणि सकाळी पत्र्याचा साचा ठेवून कात्रीनं ती एकसारखी कापणं हे हिचं काम. आईला बरं नसलं की तयार माल घेऊन कारखान्यात हीच जाते. तिथला माणूस विड्या तपासताना उगाच जास्त बाजूला काढायला लागला तर त्याच्याशी भांडून निम्म्या परत आत टाकायला लावते. मी एकदा हे डोळ्यांनी पाहिलंय. मोठी बाई बोलावी तशी बोलत होती. तीच पोर माझ्या तासाला अपूर्णांक आले की मान खाली घालते ती वर काढत नाही.

आता हिला उद्यमशीलतेत टाकू का न्यूनगंडात? वय एक, पोर एक, फक्त जागा बदलली.

माझं म्हणणं एवढंच. टप्प्यांमधले प्रश्न खरे आहेत. वयाचे आकडे मात्र त्याच माणसाला लागू पडतात ज्याची शाळा, नोकरी, लग्न, निवृत्ती सगळं वेळच्या वेळी रांगेत आलं. आमच्याकडं कितीजणांचं तसं येतं? तुमच्या घरातलं, ओळखीतलं काय दिसतं ते लिहा. मानसशास्त्रातलं कुणी असेल तर त्यांनी जरूर बोलावं.

टीईटी_एकदाची

ताई, धागा भारी. आधी एक शंका. कोहलबर्गचे नैतिक विकासाचे टप्पे तीन का सहा? दोन पुस्तकांत दोन उत्तरं आहेत.

पाटीपेन्सिल

स्तर तीन, प्रत्येकात दोन टप्पे, एकूण सहा. पूर्वसांकेतिक, सांकेतिक, उत्तरसांकेतिक. प्रश्नात स्तर विचारलेत का टप्पे ते नीट वाचा.

निशिगंध

मूळची सोलापूरची, आता पुण्यात समुपदेशन करते. तुम्ही म्हणता ते एरिकसनला पटलं असतं. १९५० च्या पुस्तकात त्यानं काढलेला मूळ तक्ता हा आठ बाय आठ चौकोनांचा पट आहे. टप्पे कर्णरेषेवर भरलेले आणि बाकीचे चौकोन रिकामे. त्यात वयाचे आकडे नाहीत. रिकाम्या चौकोनांचा अर्थ असा की प्रत्येक प्रश्न आधीही कुठल्यातरी रूपात असतो आणि नंतरही राहतो, फक्त एका काळात तो ऐरणीवर येतो. आकडे पुढं पाठ्यपुस्तकांनी चिकटवले, कारण परीक्षेत विचारायला सोपे.

दुसरं, ‘की’च्या डावीकडचं मिळवायचं आणि उजवीकडचं टाळायचं, असंही त्याचं म्हणणं नव्हतं. थोडा अविश्वास नसलेलं मूल रस्त्यावर कुणाबरोबरही चालायला लागेल. प्रश्न दोन्हींच्या प्रमाणाचा आहे. टप्पे म्हणजे कमाईची यादी समजणाऱ्यांवर तो स्वतःच वैतागला होता.

आणि हा माणूस स्वतः कुठल्या रांगेत बसत होता? जन्म १९०२, फ्रँकफर्ट. खरा बाप कोण ते त्याला कधीच कळलं नाही. सावत्र वडील ज्यू डॉक्टर. पोरगा उंच, सोनेरी केसांचा, निळ्या डोळ्यांचा. देवळात त्याला परका म्हणत आणि शाळेत ज्यू म्हणून हिणवत. कॉलेजची पदवी नाही. चित्रं काढत युरोपभर भटकला आणि पंचविशीत व्हिएन्नातल्या एका छोट्या शाळेत मास्तर म्हणून लागला. तिथं सिग्मंड फ्रॉइडची मुलगी अॅना फ्रॉइड हिच्याशी गाठ पडली. पुढं अमेरिकेचं नागरिकत्व घेताना एरिकसन हे आडनाव स्वतःच लावून घेतलं. ‘ओळखीचा पेचप्रसंग’ हा शब्दप्रयोग ज्यानं जगाला दिला त्याची ओळख अठराव्या वर्षी तरी पक्की झालेली नव्हती.

धोटा

पाटीपेन्सिल ताई, तुमच्या त्या पोरीसारखीच आम्ही सगळी होतो की. आमच्या घरात चार माग. घरी तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत कन्नड. शाळेतून आलो की कांड्या भरायला बसायचं. नववीत असताना मला झोपेतसुद्धा कळायचं कुठल्या मागाचा आवाज बदलला, कुठं तार तुटली. वडील उठायच्या आत मी जाऊन गाठ मारून यायचो. गणितात दोनदा नापास. टॉवेलला किती सूत लागतं, कितीला पडतो, कितीला द्यायचा हे मात्र तोंडी.

कुणी मला तेव्हा विचारलं असतं, तू हुशार का ढ, तर मी म्हटलं असतो, कुठं ते सांगा आधी.

निशिगंध

धोटा, तुमच्या शेवटच्या वाक्यावर बरंच संशोधन झालंय. मुलांची समज कशी वाढते ते अभ्यासणाऱ्या पियाजेचा प्रयोग ठाऊक असेलच. मातीचे दोन सारखे गोळे, त्यातला एक लांब लाटायचा आणि मुलाला विचारायचं, माती तेवढीच आहे का. साधारण सात वर्षांच्या आतली मुलं लांबटाकडं बोट दाखवून ‘यात जास्त’ म्हणतात. १९६९ मध्ये प्राइस-विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी मेक्सिकोत कुंभारांची मुलं आणि इतर घरांतली मुलं यांची तुलना केली. मातीच्या या प्रश्नात कुंभारांची पोरं पुढं. ज्या वस्तूत हात रोज बुडालेले असतात तिथली समज आधी येते.

विणकामाचंही आहे. पॅट्रिशिया ग्रीनफिल्ड या बाईंनी मेक्सिकोतल्याच चियापासमधल्या माया विणकरांच्या मुली पाहिल्या, १९७० च्या सुमारास एकदा आणि १९९१ मध्ये परत. लहान मुलींना तिथं खेळण्यातला माग देतात. त्याचा ताणा थेट वरखाली लावलेला असतो, डोळ्यांना दिसतो तसाच शेवटी होतो. मोठ्या मागाचा ताणा आधी वेगळ्या चौकटीवर गुंडाळावा लागतो आणि तो उलगडल्यावर कसा दिसेल हे डोक्यात फिरवून बघावं लागतं. ते काम मुलींना जरा मोठं झाल्यावर देतात. पियाजे न वाचता त्या आयांनी त्याचे टप्पे ओळखले होते. दुसऱ्या फेरीत आणखी एक गोष्ट दिसली. पैशाचे व्यवहार आणि कापडाचा धंदा वाढला तशा आया शेजारी कमी बसायला लागल्या, मुली आपल्या आपण चुकतमाकत शिकायला लागल्या आणि नक्षीत नवेनवे प्रकार आले. म्हणजे आजूबाजूचं अर्थकारण बदललं की शिकायची रीतही बदलते.

सातरस्ता

हे सगळं ऐकायला गोड आहे, पण जरा थांबा. विड्या वळणाऱ्या पोरीत आपण ‘उद्यमशीलता’ बघायला लागलो की तिच्या कामाचं कौतुक सुरू होतं आणि तिची शाळा मागं पडते. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ ला दुरुस्ती झाली. चौदाच्या आत कामाला बंदी आली, पण धोकादायक नसलेल्या घरच्या धंद्यात शाळेनंतर मदत केली तर चालते अशी पळवाट ठेवली. त्या पळवाटेच्या आडून निम्मा पूर्वभाग चालतो. धोटासाहेब, तुम्ही तावून सुलाखून निघालात, चांगलंच आहे. तुमच्याबरोबर कांड्या भरणारे बाकीचे कुठं आहेत?

धोटा

दोघं मागावरच आहेत. एक रिक्षा चालवतो. एक गेला, दारूनं.

तुमचं खोटं नाही सातरस्ता. मी कौतुक करत नाही बे. मला एवढंच म्हणायचंय की शाळेत मला मठ्ठ म्हणणाऱ्यांनी कधी मागाजवळ येऊन बघितलं नाही.

पाटीपेन्सिल

सातरस्ता, काम थांबावं याबद्दल माझं दुमत नाही. तिच्या घरी मी दोनदा जाऊन आलेय, आई म्हणते हजेरीचे पैसे तुम्ही द्या, बसवते शाळेत. प्रश्न असा की ती आज समोर बसलीय त्या पोरीशी मी काय करू. धोटांचं वाचून परवा एक केलं. अपूर्णांक पानांच्या गड्ड्यांवर घेतले, भाकरीचे तुकडे सोडून दिले. एका गड्डीचा पाऊण भाग कापला, उरला किती, त्यातला तिसरा हिस्सा किडका निघाला. हात वर झाला तिचा. उत्तर चूक होतं, पण हात वर झाला.

व्हायगॉट्स्की ज्याला निकट विकासाचं क्षेत्र म्हणतो ते हेच असावं. एकटीला जमत नाही, पण शेजारी कुणी असलं आणि ओळखीच्या टोकाकडून धरलं तर जमतं. (पियाजे आणि व्हायगॉट्स्की दोघांचा जन्म १८९६ चा. एक चौऱ्याऐंशी वर्षं जगला, दुसरा क्षयानं सदतिसाव्या वर्षी गेला. टीईटीवाल्यांनो, हे विचारत नाहीत, पण मला लक्षात राहतं.)

अभ्यासिकेतला

वय २९. सोलापूरचा, सध्या पुण्यात एमपीएससी. मला कुठल्या ओळीत टाकता? घरी गेलं की सगळ्यांचा एकच प्रश्न, म्हणून हुतात्मा एक्सप्रेसनं शनिवारी येणंही कमी केलंय. दहावीच्या मित्राला दोन पोरं आहेत. मी अजून कॉटबेसिसवर.

निशिगंध

यालाही एरिकसनकडं जागा आहे. तरुण माणसाला जबाबदाऱ्या पुढं ढकलून, वेगवेगळ्या भूमिका घालून बघायला समाज जी मुदत देतो तिला तो स्थगिती म्हणत असे. १९६६ मध्ये जेम्स मार्शियानं ओळखीच्या चार अवस्था मांडल्या. कुणी शोधतही नाही आणि ठरवतही नाही. कुणी शोधतोय पण ठरलेलं नाही, ती स्थगिती. कुणी न शोधताच घरच्यांनी दिलेलं स्वीकारलंय. आणि कुणी शोधून ठरवलंय. बापाचा माग तोच आपला माग, ही तिसरी अवस्था. धोटांच्या पिढीत बहुतेकांची तीच.

तुमची अडचण मला वेगळी दिसते. खऱ्या स्थगितीत माणूस चार गोष्टी करून बघतो. अभ्यासिकेत सहा वर्षं एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करून बघितली जाते. मुदत मिळते, पण शोध होत नाही. जेफ्री आर्नेटनं २००० साली अठरा ते पंचवीस या वयाला ‘उमलती प्रौढता’ असं नाव दिलं तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढं नोकऱ्या, शहरं, जोडीदार बदलत बघणारी अमेरिकन मुलं होती. आपल्याकडं ती मुभा आईबापांच्या खिशावर ठरते. मित्राला दोन पोरं आहेत म्हणून तो पुढं गेला असं समजू नका. त्याचा हाच प्रश्न चाळिशीत उभा राहू शकतो.

होटगीरोड

आपल्याकडं ब्रह्मचर्य, गृहस्थ, वानप्रस्थ, संन्यास हे हजारो वर्षं आधीपासून आहे. परदेशी माणसानं सांगितलं की मगच पटतं.

सातरस्ता

आश्रमव्यवस्थेत बायका कुठं होत्या आणि विणकर कुठं होता तेही सांगा. वरच्या वर्णाच्या पुरुषाचा तो आदर्श होता. गंमत अशी की तुम्ही म्हणता ती तुलना मानसविश्लेषक सुधीर कक्कर यांनी १९७८ मध्येच नीट मांडली आहे, आणि कक्कर एरिकसनच्याच तालमीतले. भांडायचं कारण नाही.

गिरणीचा_पोरगा

सातव्या ओळीबद्दल लिहितो. वडील गिरणीत होते. भोंग्यावर घर चालायचं, आईची भाजी फोडणीला पडायची तीसुद्धा भोंग्यावर. नव्वदच्या दशकात गिरणी बंद झाली तेव्हा वडील चव्वेचाळीसचे. माझ्या वयाचे. त्या वयात माणसाकडं हाताखाली पोरं शिकायला येतात, चार लोक विचारून काम करतात. त्यांच्या खात्यात तसंच होतं. एका महिन्यात ते सगळं गेलं. पैशाची ओढाताण झालीच, आईनं विड्या वळून भागवलं. पण मला आठवतं ते वेगळंच. ते रोज पहिल्या पाळीच्या वेळेला उठून, दाढी करून, ओट्यावर बसायचे. कुणी विचारायला येत नसे. आठ-दहा वर्षं माणूस असा साचत गेला.

मग गल्लीतल्या एका मंडळाच्या लेझीम पथकात पोरांना शिकवायला कुणी नव्हतं. वडिलांना गिरणीच्या पथकातलं सगळं येत होतं. गेले. पंधरा वर्षं शिकवलं. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत आमच्या घरी पोरांची रीघ असायची. कमाई शून्य, पण वडील परत वडिलांसारखे दिसायला लागले. तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. तुमच्या तक्त्यात हे उशिरा आलं म्हणायचं का?

निशिगंध

उशिरा म्हणता येणार नाही. या सातव्या टप्प्यावर एरिकसननं जे सगळ्यात मोठं काम केलं ते गिरणी कामगारांच्याच गोष्टीतून, हे किती जणांना माहीत आहे? १९६२ मध्ये तो मानवी जीवनचक्रावरच्या चर्चासत्रासाठी अहमदाबादला आला होता. तिथं त्याला १९१८ चा गिरणी संप भेटला. प्लेगचा भत्ता मालकांनी बंद केला, कामगारांनी पस्तीस टक्के वाढ मागितली, मालक वीसच्या पुढं येईनात. गांधी कामगारांच्या बाजूनं उभे. समोर मालकांचे पुढारी अंबालाल साराभाई आणि कामगारांकडून त्यांचीच सख्खी बहीण अनसूयाबेन. कामगार ढेपाळायला लागले तेव्हा गांधींनी उपवास धरला. एरिकसनला प्रश्न पडला की आयुष्याच्या त्याच वळणावर हेच का? गांधी तेव्हा अठ्ठेचाळीसचे. स्वतःच्या घरापलीकडच्या लोकांची काळजी वाहणं हे या वयाचं काम, असं तो मांडतो. यावरच्या त्याच्या १९६९ च्या ‘गांधीज ट्रुथ’ या पुस्तकाला पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं.

आणि भक्ती नाही त्यात. पुस्तकाच्या मधोमध एरिकसननं गांधींना उद्देशून एक पत्रच लिहिलंय. सगळ्या जगाशी अहिंसा, पण कस्तुरबांशी आणि आश्रमातल्या पोरांशी वागताना जी कठोरता दिसते तिचं काय, असा जाब विचारलाय. सातवा टप्पा गाजवणाऱ्या माणसाचेही आधीचे चौकोन कच्चे असू शकतात.

तुमच्या वडिलांनी लेझीम हातात घेतली तेव्हा त्यांचा सातवा सुरू झाला. गिरणीनं मध्ये दहा वर्षं खाल्ली, एवढंच.

गिरणीचा_पोरगा

हे आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, लेझीम त्यांनी घेतली, पण तिथं ढकललं मी. हेही लिही म्हणाली.

अक्का_दक्षिणकसबा

बायकांची ओळ कुठंय मग? माझी सासू शहाऐंशीची. शेवटचा टप्पा समाधान की वैफल्य म्हणता. पण बाईचं रोजचं वेगळंच चाललंय. स्वतःच्या गुडघ्यांवर भरवसा नाही, संडासला एकटी जायची लाज, मुलगा दाराला कडी लावू देत नाही. ही तर तुमच्या पहिल्या-दुसऱ्या ओळीतली भानगड झाली.

निशिगंध

अक्का, अगदी हेच एरिकसनच्या बायकोनं लिहिलं. जोन एरिकसन सगळ्या कामात बरोबरीनं होती. तो १९९४ मध्ये गेल्यावर तिनं १९९७ च्या आवृत्तीत नववा टप्पा जोडला, तेव्हा ती स्वतः नव्वदीत होती. ऐंशी-नव्वदीत आठही प्रश्न परत दार ठोठावतात असं ती म्हणते. आणि जोड्यांचा क्रम तिनं उलटा केला, आधी अविश्वास मग विश्वास, आधी लाज मग स्वायत्तता. कारण त्या वयात उजवीकडचं पारडं जड असतं.

सासूबाईंना जे जमतं ते कमी करू नका, हे मात्र सांगीन. म्हातारपणाचा अभ्यास करणारा पॉल बाल्टेस पियानोवादक रुबिन्स्टाइनचं उदाहरण देत असे. म्हातारपणी तो कमी रचना वाजवायचा, त्यांचाच जास्त रियाज करायचा, आणि वेगाच्या भागाआधी मुद्दाम संथ वाजवायचा म्हणजे पुढचं जलद वाटावं.

अक्का_दक्षिणकसबा

करते की ती. भाकरी थापायचं सोडलंय, पण चटणी कुटताना मीठ किती ते अजून तीच ठरवते. आम्हाला कुणाला हात लावू देत नाही.

टीईटी_एकदाची

कोहलबर्गवर पण कुणीतरी लिहा ना. हाइन्झची गोष्ट मला पटतच नाही.

पाटीपेन्सिल

वर्गात सांगून बघितली. हाइन्झची बायको मरायला टेकलीय, औषध एकाच दुकानदाराकडं, तो दहापट भाव लावतो, हाइन्झकडं निम्मेच पैसे. त्यानं चोरी करावी का? पोरांचे दोन तट पडले. आमची विडीवाली उठून म्हणाली, “बाई, त्याच्या बायकोची भिशी नव्हती का? बचत गट? चार बायकांनी मिळून दुकानदाराला सांगितलं असतं तर दिलं असतं की हप्त्यानं.”

कोहलबर्गच्या गुणदानात हे उत्तर खाली जातं, कारण नियम आणि हक्क यांची झुंज त्यात नाही. त्याचा मूळ अभ्यास शिकागो भागातल्या बहात्तर पोरांवरचा, मुली नव्हत्याच. कॅरोल गिलिगननं १९८२ मध्ये यालाच हरकत घेतली. तिच्या पुस्तकात अकरा वर्षांची एमी आहे, तीही असंच म्हणते, कर्ज काढावं, बोलून मार्ग काढावा, चोरी केली आणि तो तुरुंगात गेला तर बायकोकडं कोण बघणार. हे खालचं उत्तर नव्हे, नात्यांची काळजी धरून केलेला वेगळा विचार आहे, असं गिलिगनचं म्हणणं. गुण द्यायचे तर मी पोरीला पैकीच्या पैकी देईन.

सातरस्ता

भिशीची अक्कल त्या पोरीला कुठून आली ते उघड आहे. मी माझा मुद्दा सोडत नाही, पण ही पोर दहावी झाली पाहिजे. शिष्यवृत्तीचं काही करता येत असेल तर व्यक्तिगत निरोप करा, मी बघतो.

पाटीपेन्सिल

केला.

टीईटी_एकदाची

ताई, शेवटचं. सराव प्रश्नसंचात आहे, ‘३५ वर्षांची अविवाहित व्यक्ती, आई-वडील व भावंडांची जबाबदारी घेते, एरिकसननुसार कोणता टप्पा?’ एवढं सगळं वाचल्यावर मला चारही पर्याय बरोबर वाटायला लागलेत.

पाटीपेन्सिल

जवळीक विरुद्ध एकाकीपणा. वय बघायचं, गोल काळा करायचा, पुढच्या प्रश्नावर जायचं. बाकीचं पेपर झाल्यावर इथं बोलू.